ह्यू केर्न्स

सर ह्यू विल्यम बेल केर्न्स (२६ जून १८९६ – १८ जुलै १९५२) हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले ब्रिटिश मेंदूशल्यचिकित्सक होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील शल्यचिकित्सेचे ते पहिले नफिल्ड प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश लष्करासाठी डोक्याच्या दुखापतींवरील उपचारांची व्यवस्था उभी केली. रस्त्यावरील अपघातांत मोटारसायकलस्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि हेल्मेटमुळे मृत्यू टळू शकतात हे आकडेवारीने दाखवून दिले. आज जगभर लागू असलेल्या हेल्मेटविषयक कायद्यांच्या मुळाशी हा अभ्यास आहे.

हेल्मेटचा शोध केर्न्स यांनी लावला असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. एरिक गार्डनर यांनी पुष्कळ आधीच शर्यतपटूंसाठी कापड व लाखेचे शिरस्त्राण तयार करवून घेतले होते, आणि आइल ऑफ मॅन येथील प्रसिद्ध शर्यतीत १९१४ पासून ते सक्तीचे होते. शर्यतीच्या मैदानावरील ही वस्तू सामान्य रस्त्यावर का हवी, याचे उत्तर देण्याचे काम केर्न्स यांनी केले.

बालपण आणि शिक्षण

केर्न्स यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या बंदराच्या गावी झाला. वडील विल्यम हे स्कॉटलंडहून आलेले आणि लाकूडकामाच्या व्यवसायातले होते. कुटुंब पुढे रिव्हर्टन या छोट्या गावी राहावयास गेले. तेथील शाळेतून ते ॲडलेड हायस्कूलमध्ये आणि नंतर ॲडलेड विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी ऑस्ट्रेलियन वैद्यकीय दलात साधा सैनिक म्हणून नाव नोंदवले व लेम्नोस बेटावरील लष्करी रुग्णालयात काम केले. परत येऊन १९१७ मध्ये ते पदवीधर झाले. त्याच वर्षी त्यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. परंतु ती घेण्याआधी ते वैद्यकीय अधिकारी म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात दाखल झाले. १९२० च्या ऑक्सफर्ड–केंब्रिज नौकाशर्यतीत ते ऑक्सफर्डच्या नौकेत होते. १९२१ मध्ये बेलियलचे प्रमुख ए. एल. स्मिथ यांची कन्या बार्बरा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बॉस्टनमधील वर्ष आणि लंडन

लंडन हॉस्पिटलमध्ये सर्वसाधारण शल्यचिकित्सक म्हणून काम करीत असताना केर्न्स यांना रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२६–२७ मध्ये ते अमेरिकेत बॉस्टन येथे हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली राहिले. कुशिंग हे आधुनिक मेंदूशल्यचिकित्सेचे संस्थापक मानले जातात. मेंदूवरील शस्त्रक्रिया संथपणे, रक्तस्राव थेंबाथेंबाने थांबवीत करायची आणि प्रत्येक रुग्णाची सविस्तर नोंद जन्मभर जपायची, या कुशिंग यांच्या दोन शिस्ती होत्या. केर्न्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. पुढील घटना पाहता दुसरी शिस्त पहिलीइतकीच मोलाची ठरली असे म्हणावे लागते.

त्या काळी ब्रिटनमध्ये मेंदूची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा म्हणून जेमतेम उभी राहत होती. कवटी उघडण्याचे काम बहुधा सर्वसाधारण शल्यचिकित्सकच करीत आणि फार थोडे रुग्ण वाचत. केर्न्स यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये या शाखेचा स्वतंत्र विभाग उभारला.

लॉरेन्स यांचा अपघात

१३ मे १९३५ रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगप्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स हे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन छावणीतून क्लाउड्स हिल या आपल्या घरी मोटारसायकलवरून परतत होते. हवाई दलातून निवृत्त होऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. त्यांची ब्रफ सुपीरियर ही गाडी त्या काळातील सर्वांत वेगवान मोटारसायकलींपैकी होती. रस्त्याच्या उतारावर पुढे सायकलवरून चाललेली दोन मुले होती. खोलगट भागामुळे ती त्यांना वेळेत दिसली नाहीत. मुलांना वाचविण्यासाठी त्यांनी गाडी वळवली, ताबा सुटला आणि ते पुढे फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. मुलांना फारसे लागले नाही. लॉरेन्स यांच्या डोक्याला मात्र जबर मार बसला.

त्यांना बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात नेण्यात आले. बोलावण्यात आलेल्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होते. करण्यासारखे फार थोडे होते. लॉरेन्स शुद्धीवर आलेच नाहीत आणि सहा दिवसांनी, १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या मृत्यूमुळे केर्न्स हेल्मेटच्या अभ्यासाकडे वळले, अशी कथा वैद्यकाच्या इतिहासात रूढ आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ती जरा सरळ करून सांगितली जाते. लॉरेन्स यांचा मृत्यू आणि केर्न्स यांचा या विषयावरील पहिला लेख यांत सहा वर्षांचे अंतर आहे. एका रुग्णावरून, तो कितीही प्रसिद्ध असला तरी, नियम सिद्ध होत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांच्या नोंदी लागतात, आणि त्या युद्धाने पुरवल्या.

ऑक्सफर्ड

मधल्या वर्षांत केर्न्स यांचे लक्ष ऑक्सफर्डकडे लागले होते. तेथे संशोधनासह पूर्ण वैद्यकीय विद्यालय असावे अशी योजना त्यांनी मांडली. लॉर्ड नफिल्ड यांनी १९३६ मध्ये त्यासाठी साडेबारा लाख पौंडांची देणगी जाहीर केली आणि ती पुढे वीस लाखांपर्यंत वाढवली. नफिल्ड म्हणजे मॉरिस मोटारींचे कारखानदार विल्यम मॉरिस. त्यांची सुरुवात ऑक्सफर्डमध्येच सायकली दुरुस्त करण्यापासून व बनविण्यापासून झाली होती. मोटारींच्या धंद्यातून आलेल्या पैशाने जे अध्यासन निर्माण झाले, त्यावरून रस्त्यांवरील अपघातांचा सर्वांत परिणामकारक अभ्यास व्हावा, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९३७ मध्ये केर्न्स यांनी नफिल्ड प्राध्यापकपद स्वीकारले आणि रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात कामाला सुरुवात केली.

युद्धकाळ

दुसरे महायुद्ध सुरू होताच केर्न्स लष्कराचे मेंदूशल्यविषयक सल्लागार झाले. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज महाविद्यालयाच्या इमारतीत केवळ डोक्याच्या दुखापतींसाठी लष्करी रुग्णालय सुरू करण्यात आले. १९४५ पर्यंत तेथे सुमारे १३,००० रुग्णांवर उपचार झाले. आघाडीच्या जवळ जाऊन शस्त्रक्रिया करता यावी म्हणून त्यांनी फिरती मेंदूशल्यपथके तयार केली. शस्त्रक्रियेचे टेबल, दिवे, रक्त शोषून घेण्याची यंत्रे आणि निष्णात शल्यचिकित्सक असे सारे वाहनातून नेले जाई. १९४३ मध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्यासह उत्तर आफ्रिकेत जाऊन त्यांनी युद्धातील जखमांवर पेनिसिलिनच्या वापराची चाचणी घेतली.

सेंट ह्यूजमध्ये येणारे सारेच जखमी शत्रूच्या गोळ्यांचे नव्हते. युद्धाच्या पहिल्या काळात ब्रिटनमधील रस्ते रणभूमीइतकेच घातक झाले होते. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री ब्लॅकआउट असे. रस्त्यावरचे दिवे बंद आणि वाहनांचे दिवे झाकलेले. याची पहिली झळ पायी चालणाऱ्यांना बसली. अंधारात त्यांना गाडी दिसत नसे आणि चालकाला ती माणसे दिसत नसत. १९४१ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ९,१६९ लोक मृत्युमुखी पडले. तेव्हाच्या तुलनेत आज तेथे वाहने कितीतरी पट अधिक आहेत, तरीही कोणत्याही एका वर्षातील हा आकडा आजवरचा सर्वाधिक आहे.

याच अंधारात लष्कराचे मोटारसायकलस्वार निरोप आणि कागदपत्रे घेऊन धावत असत. दूरध्वनीवर विसंबता येत नसल्याने प्रत्येक तुकडीला त्यांची गरज होती. त्यांतील पुष्कळ जण कोवळ्या वयाचे आणि नव्याने गाडी शिकलेले होते. शत्रूचे तोंडही न पाहता ते कवटी फुटलेल्या अवस्थेत ऑक्सफर्डला येत.

१९४१ चा लेख

ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्स यांचा मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती आणि हेल्मेटचे महत्त्व या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेले प्रवासी रस्त्यांवर मरण पावले होते, म्हणजे महिन्याला शंभराहून अधिक. रुग्णालयात आलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याची इजा हेच होते. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी केर्न्स यांच्या पाहण्यात आले. त्यांपैकी एकही दगावला नाही.

सात ही संख्या लहान आहे. जे जागीच ठार झाले ते रुग्णालयात येत नाहीत, त्यामुळे अशा नोंदींतून पूर्ण चित्र मिळत नाही, हा आक्षेपही घेता येतो. तरीही लेखाचा परिणाम लगेच झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये कामावर असलेल्या सर्व लष्करी मोटारसायकलस्वारांना हेल्मेट वापरण्याचा हुकूम निघाला. नागरिकांच्या बाबतीत ज्या निर्णयाला पुढे तीन दशके लागली, तो लष्करात काही आठवड्यांत झाला. सैनिकाला हेल्मेट हवे की नको असे कोणी विचारत नाही, हे त्याचे साधे कारण होय.

होलबर्न यांच्यासह संशोधन

हेल्मेट नेमके काय करते, हे समजून घेण्यासाठी केर्न्स यांनी ए. एच. एस. होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेतले. मेंदू हा जवळजवळ जेलीसारखा मऊ आणि न दाबला जाणारा पदार्थ आहे, हे धरून होलबर्न यांनी जिलेटिनच्या नमुन्यांवर प्रयोग केले. डोक्याला आघात झाल्यावर ते एकदम गर्रकन वळते. कवटी वळते आणि आतला मेंदू मागे राहतो. या ओढाताणीत मेंदूचे धागे ताणले व तुटले जातात, असे त्यांनी १९४३ मध्ये मांडले. कवटी न फुटताही माणूस कायमचा अपंग का होऊ शकतो, याचे हे स्पष्टीकरण होते. वरून जखम दिसत नाही म्हणून अपघातग्रस्ताला घरी नेण्याची चूक अजूनही सर्वत्र होते, त्यामुळे ही गोष्ट वैद्यकाबाहेरच्या वाचकानेही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी दोघांनी मिळून हेल्मेट घातलेल्या १०६ अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी दाबलेल्या लगद्याची आणि रबराची अशी दोन प्रकारची हेल्मेटे वापरात होती. अपघातानंतर हेल्मेट कोठे चेपले, कोठे तडकले आणि त्याखाली डोक्याला काय झाले, हे त्यांनी एकेका रुग्णागणिक तपासले. चांगले हेल्मेट स्वतः मोडते आणि आघाताचा काळ वाढवून त्याचा जोर कमी करते, हे तत्त्व अशा तपासणीतून पक्के झाले. आजच्या हेल्मेटच्या आत असलेला दाबला जाणारा थर याच तत्त्वावर काम करतो. एकदा आपटलेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी पुन्हा वापरू नये, असे सांगितले जाते त्याचे कारण हेच.

१९४६ मध्ये केर्न्स यांनी तिसरा लेख लिहिला. त्यात १९३९ ते १९४५ या काळातील मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचे महिनावार आकडे होते. मृत्यूंचा चढता आलेख नोव्हेंबर १९४१ च्या सुमारास वळतो आणि नंतर खाली येत जातो. या उताराचे सारे श्रेय हेल्मेटला देता येत नाही. नागरिकांना मिळणारे पेट्रोल १९४२ मध्ये जवळपास बंद झाल्याने रस्त्यांवरची वाहनेच कमी झाली होती. मात्र रुग्णालयातील जखमांचा पुरावा आणि देशाचे आकडे एकाच दिशेने बोट दाखवीत होते, आणि केर्न्स यांच्या मांडणीचे बळ या जुळणीत आहे.

युद्धानंतर

डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांची मोटार जर्मनीत मानहाइमजवळ एका मालमोटारीवर आदळली. पॅटन यांच्या मानेचा मणका मोडला आणि शरीर लुळे पडले. केर्न्स यांना विमानाने हायडेलबर्गला नेण्यात आले. मानेला ताण देण्याच्या उपचारात त्यांनी बदल सुचवले. परंतु १२ दिवसांनी पॅटन यांचे निधन झाले. अशा रीतीने दोन्ही युद्धांतून जिवंत बाहेर पडलेल्या सेनानीचा रस्त्यावरील अपघातात झालेला शेवट केर्न्स यांनी जवळून पाहिला, जसा दहा वर्षांपूर्वी लॉरेन्स यांचा पाहिला होता.

१९४६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. रुग्ण डोळे उघडे ठेवून जागा दिसतो, पण बोलत नाही आणि हालत नाही, अशा अवस्थेचे वर्णन त्यांनी सहकाऱ्यांसह १९४१ मध्येच केले होते. शुद्ध व बेशुद्धी यांचा मेंदूतील आधार हा त्यांच्या अखेरच्या वर्षांतील आवडीचा विषय होता. क्षयाच्या जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर स्ट्रेप्टोमायसिनचा उपचारही त्यांच्या विभागात विकसित झाला. जर्मनीतून आलेले निर्वासित डॉक्टर लुडविग गुटमान यांनीही स्टोक मँडेव्हिल येथे पाठीच्या कण्याच्या दुखापतींचे केंद्र उभारण्यापूर्वी ऑक्सफर्डमध्ये केर्न्स यांच्याबरोबर काम केले होते. १८ जुलै १९५२ रोजी ऑक्सफर्ड येथे कर्करोगाने केर्न्स यांचे निधन झाले. ते ५६ वर्षांचे होते.

कायदे आणि विरोध

नागरिकांसाठी हेल्मेटसक्ती केर्न्स यांना पाहता आली नाही. मोटारसायकलस्वारांवर अशी सक्ती करणारा जगातील पहिला कायदा त्यांच्या मायदेशात, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, १९६१ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये तो १ जून १९७३ रोजी, म्हणजे पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी लागू झाला. व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तेथे बराच विरोध झाला, आणि पगडीधारी शिखांना १९७६ मध्ये कायद्याने सूट देण्यात आली. व्हिक्टोरियाने १९९० मध्ये सायकलस्वारांनाही हेल्मेट सक्तीचे केले. त्याबद्दल तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. सक्तीमुळे लोक सायकलच सोडतात, असे एका पक्षाचे म्हणणे आहे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीचा चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. पगडीधारी शिखांना येथेही सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने उल्लंघनासाठी १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद केली. महाराष्ट्रात या सक्तीला सर्वाधिक संघटित विरोध पुणे शहरात झाला. शहरातील कमी वेग, उकाडा, मानेवर येणारा भार आणि बाजूचे न दिसणे, हे मुद्दे तेथे वारंवार मांडले गेले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत मरण पावले. त्यांत दुचाकीवरील लोकांचा वाटा ४४.५ टक्के, तर पादचाऱ्यांचा १९.५ टक्के होता. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. हेल्मेटचा उपयोग पादचाऱ्याला नसतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ शिरस्त्राणाने सुटणारा नाही, हे आकड्यांवरूनच दिसते.

केर्न्स यांच्या कामाचा दुसरा भाग, म्हणजे शल्यचिकित्सक जखमीच्या जवळ नेणे, हा भारतात त्याहून मागे राहिला. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ या जिल्ह्यातून जातो. मालमोटारी, बाजाराला निघालेल्या दुचाकी आणि कडेने चालणारी माणसे एकाच रस्त्यावर असतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून नांदेड ८० किलोमीटरहून अधिक दूर आहे. कवटीच्या आत रक्त साचू लागलेल्या जखमीला हे अंतर तोडण्यास लागणारा वेळ निर्णायक असतो. फिरत्या पथकांमागे केर्न्स यांचा हिशेब हाच होता.

कुटुंब

केर्न्स दांपत्याला दोन मुलगे व तीन मुली झाल्या. थोरले जॉन केर्न्स हे रेणवीय जीवशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. जीवाणूतील वर्तुळाकार गुणसूत्राची प्रत कशी तयार होते याचे चित्र त्यांनी प्रथम मिळवले. धाकटे डेव्हिड केर्न्स हे संगीतसमीक्षक व फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांचे चरित्रकार होते.